ऑर्विलच्या सलूनमधला बीपीचा पट्टा

मित्रांनो, शिकागोच्या पश्चिम भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, ऑर्विलचे सलून आहे. तिथे आरशाखालच्या खणात मी पडून असतो. मी बीपी मोजायचा एक जुना पट्टा. कापडाला पावडरीचा वास लागला आहे, रबरी फुगा सैल झाला आहे, पण काटा अजून खरेच बोलतो.

माझा जन्म कुठे झाला ते आठवत नाही. चर्चमधल्या एका नर्सबाईंनी मला ऑर्विलच्या हाती सोपवले, एवढे आठवते. "आपले पुरुष डॉक्टरकडे जायचे नाहीत, पण केस कापायला येतातच," त्या म्हणाल्या. तेव्हापासून इथला नियम झाला, आधी दंड पुढे करायचा, मग खुर्चीत बसायचे. दंडाला मिठी मारली की आतली धडधड मला जाणवे. बसचालकाची संथ, लग्न ठरलेल्या पोराची उतावीळ. काचेतून ऊन येई आणि त्या ठेक्यावर मला गुंगी चढे. फार सुखाचे दिवस होते ते.

मग शेजारच्या वर्निटाबाईंचा, सगळे त्यांना आदराने मिस वर्निटा म्हणत, मुलगा कीनन पोलिसाच्या गोळीने गेला. गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून त्याला अडवले होते. सलूनमध्ये सभा भरू लागल्या. मिस वर्निटा दारोदार सह्या गोळा करीत, तसेच दुःख वाट्याला आलेल्या आयांना सोबत करीत, भेटेल त्याला "जेवलास का?" विचारीत. स्वतःचे दुखणे मात्र अंगावर काढीत.

दोन वर्षांनी, एका गुरुवारी, त्यांच्या दंडावर माझा काटा एकशे अठ्ठ्याण्णववर थरथरला.

"दीडशे लिही," त्या हळूच म्हणाल्या.

"असं कसं, मिस वर्निटा?"

"सोमवारी सुनावणी आहे. त्या पोलिसाला नोकरीवरून काढायचं की नाही ते ठरणार. खरं लिहिलंस तर ही सगळी मला घरी बसवतील. लिही म्हणते ना!"

ऑर्विलने वहीत दीडशे लिहिले. मला फार लाज वाटली.

शनिवारी भर गर्दीत कात्री खाली ठेवून त्याने सगळे कबूल केले. मिस वर्निटा उसळल्या, "पोर माझं गेलंय! मी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?"

म्हातारे हॉलिस कधी कोणाशी गोड बोलत नसत. ते म्हणाले, "पोर तुमचं, पण भांडण सगळ्यांचं. दोन वर्षं आम्ही नुसत्या टाळ्या पिटल्या. आता आम्हालाही घसा कोरडा करू द्या की! आधी दवाखान्यात चला, माझी गाडी बाहेरच आहे."

"तुमचा तो खटारा? त्यात बसूनच माझं बीपी वाढेल!"

सगळे हसले. मिस वर्निटांना मात्र रडू फुटले, आणि त्या हॉलिसांच्या गाडीत जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सोमवारी नुसते बसायचे, असे बजावले. सुनावणीच्या खोलीत ऑर्विलने मला त्यांच्या दंडाला बांधले. मिस वर्निटांनी लिहून आणलेल्या कागदावरची एकेक ओळ एकेकाने उठून वाचली. हॉलिसांनी आपली ओळ दोनदा वाचली. मला सगळे झोपेत ऐकल्यासारखे लांबून ऐकू येत होते, आणि माझ्या मिठीतली धडधड हळूहळू निवत होती.

निकाल लागलाच नाही. तारीख सहा महिने पुढे गेली.

मित्रांनो, जो तुमच्यासाठी पुढे चालतो, त्याला कधीतरी "बसता का जरा?" असे विचारा. त्याच्या हातातले ओझे थोडे तुम्ही घ्या. लढाया लांबतात, आणि माणूस शेवटपर्यंत असावा लागतो.

सहा महिन्यांनी त्याच खोलीत पुकारा झाला, "कीननची आई हजर आहे का?"

"आहे," मिस वर्निटा म्हणाल्या.