खिशातले चार किलो

हमरस्त्यालगतच्या वजनकाट्यावर तो एकोणीस वर्षं बसत होता, म्हणून ट्रकवाले त्याला तोंडावर काटेसाहेब म्हणत. पाठीमागे 'ओव्हरलोड' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि त्याचा त्याला राग नव्हता. एकशे अठ्ठावीस किलोच्या माणसानं राग धरायचा तरी कोणावर? नाव ठेवणाऱ्यानं मनचं काही घातलं नव्हतं, मोजूनमापून ठेवलं होतं.

बरं, नुसता जाडा असता तर एक वेळ चाललं असतं. पण स्वारीला आतड्याचा आजारही होता. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याचं नाव क्रोन्स असं सांगितलं. आतडं आतून सुजतं, काही महिने गप्प बसतं, मग पुन्हा उसळतं. सूज उतरावी म्हणून गोळ्या दिल्या, गोळ्यांनी भूक वाढली, आणि भुकेनं काटेसाहेब वाढले. आतड्याचे डॉक्टर म्हणत, कच्च्या भाज्या बंद. आहारतज्ज्ञ बाई म्हणत, कच्च्या भाज्या सुरू. दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा दोन्हींत बसणारी एकच वस्तू सापडली, ती म्हणजे पाणी. मग दोघांचाही मान राखून तो बिस्किटं खायचा.

शेवटी गुडघ्यांनी हात टेकले. केबिनच्या सात लोखंडी पायऱ्या चढताना तो चौथ्या पायरीवर थांबून आभाळाकडे बघायचा, जणू काही हवेचा अंदाज घेतोय. बुटांच्या नाड्यांपर्यंत हात पोचणं तर केव्हाच बंद झालं होतं. नऊ वर्षांची लेक रोज शाळेला निघण्याआधी त्या बांधून द्यायची. तिच्या शाळेची चार दिवसांची सहल ठरली, तेव्हा ती आईला म्हणाली, "मी नाही जात. बाबांचे बूट कोण बांधणार?" ते ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी खरीखुरी. दुसऱ्याच दिवशी तो वजन कमी करायच्या ऑपरेशनची चौकशी करायला इस्पितळात गेला.

तिथे बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं ज्ञान दिलं, "आतड्याचं दुखणं असलं की इथे सरळ परत पाठवतात हो." झालं! फॉर्मवर 'पोटाचा जुना आजार?' असा रकाना होता, तिथे त्यानं लिहिलं, 'अधूनमधून गॅस'. अकरा वर्षांचं दुखणं, तीनदा इस्पितळात भरती, हमरस्त्यावरच्या एकूण एक पेट्रोलपंपाच्या संडासाशी घरोबा, सगळं दोन शब्दांत आटोपलं. घरी बायकोनं विचारलं, "आतड्याचं सांगितलंस ना त्यांना?"

"फॉर्मवर लिहिलंय," तो म्हणाला. आणि पठ्ठ्या ताठ मानेनं जेवायला बसला.

पुढच्या तपासणीला तीन आठवडे होते, आणि नेमकं तेव्हाच आतडं उसळलं. आयुष्यभर ज्या वजनानं हलायचं नाव घेतलं नव्हतं, ते बारा दिवसांत चार किलोंनी उतरलं. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. ह्याच्या तोंडचं पाणी पळालं. कारण काट्यावरचा नियम त्याच्या हाडीमाशी खिळलेला: कागदावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळलं नाही, तर कागद रद्द, गाडी परत. फॉर्मवर एकशे अठ्ठावीस लिहिलेलं, तेव्हा आता आपलाही कागद रद्द होणार, या भीतीनं त्यानं केबिनमधल्या जुन्या तराजूची दोन-दोन किलोंची दोन लोखंडी वजनं उचलली आणि जॅकेटच्या आतल्या खिशांत घातली.

"जॅकेट काढा," नर्स म्हणाली.

"थंडी वाजतेय हो."

एवढ्या ऐवजाला थंडी वाजते हे ऐकून नर्सनं एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं, पण मागे रांग होती. आकडा आला एकशे अठ्ठावीस. ऑपरेशनची तारीख मिळाली.

भरती व्हायच्या दिवशी सकाळी तो अर्धा दिवस काट्यावर होता. गाडी काट्यावर चढली की त्याची आरोळी ठरलेली असे, "सगळे खाली उतरा!" मग ड्रायव्हर उतरून, दार लावून म्हणायचा, "आता फक्त गाडी आहे, साहेब." हे ऐकल्याशिवाय तो पावतीवर सही करत नसे.

त्या दिवशी भंगार घेऊन एक मिशीवाला ड्रायव्हर आला. कागदावर बारा टन, काट्यावर बारा टन, किलोचाही फरक नाही. एवढं गोड जुळलं की काटेसाहेबाला वास यायचाच. तो सात पायऱ्या उतरला, धापा टाकत गाडीमागे गेला आणि पत्रे बाजूला करायला लावले. खाली हे एवढाले दगड!

"साहेब, वाटेत जरा कमी झाला माल," मिशीवाला मान खाली घालून म्हणाला. "गाडी परत पाठवतील म्हणून भर घातली."

"भर दिसतेय मला. जे कमी झालं ते गेलं कुठे, ते सांग!"

मिशीवाला गप्प. काटेसाहेबाचा हात आपोआप जॅकेटच्या खिशाकडे गेला. दुपारी पुन्हा वजन होणार म्हणून दोन्ही वजनं सकाळपासून तिथेच होती. एकोणीस वर्षांत एकाही लबाडाला सोडलं नाही म्हणून मिरवायचास ना, तो मनात म्हणाला. घे, हा एक राहिला होता.

दुपारी तो आणि बायको सर्जनबाईंच्या खोलीत बसले. बाई फाईल चाळत म्हणाल्या, "छान. उद्या सकाळी सात वाजता घेऊ. पोटाची पिशवी लहान करायची आणि आतडं कापून वर जोडून घ्यायचं. काही विचारायचंय?"

सांगितलं तर ऑपरेशन गेलं, नाड्या पुन्हा लेकीच्या हाती. नाही सांगितलं तर? ते सुजकं आतडंच उद्या कापणार होते. बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती, पिशवीत त्याचा टॉवेल, चपला, आणि लेकीनं काढलेलं एका बारीक माणसाचं चित्र. तो उठला आणि दोन्ही वजनं काढून टेबलावर ठेवली. काच वाजली.

"हे काय?" सर्जनबाई दचकल्या.

"चार किलो. माझं वजन कमी झालं होतं. तुम्ही परत पाठवाल म्हणून भर घातली."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या, मग खो खो हसायला लागल्या. "अहो, ऑपरेशनआधी वजन कमी झालं तर आम्हाला आनंद होतो! त्यासाठी कोणी परत पाठवतं का?"

क्षणभर त्याला वाटलं, सुटलो. तोही हसला. तेवढ्यात बाईंनी पेन उचललं. "पण चार किलो गेले कुठे? डाएट केलंत?"

सकाळचा त्याचाच प्रश्न! मिशीवाल्यासारखं गप्प बसायचा मोह झाला. मग त्यानं सांगून टाकलं. क्रोन्स, अकरा वर्षं, तीन भरती, बारा दिवसांचे जुलाब, अधूनमधून गॅस, सगळं.

आता बाई हसत नव्हत्या. "उद्या मी सुजलेल्या आतड्याला टाके घालणार होते," त्या हळू म्हणाल्या. "असले टाके सुटू शकतात. सुटले तर माणूस जातो. कळतंय का तुम्हाला?"

त्याला कळत होतं. बायकोकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

"उद्याचं रद्द. आधी आतडं शांत करू. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते, दुर्बिणीनं तपासू. काही महिने ते शांत राहिलं, तर फक्त पोटाची पिशवी लहान करायचं ऑपरेशन असतं, त्यात आतड्याला हात लावत नाहीत. तेही जमेलच असं आज मी सांगणार नाही. नवी फाईल करा, वजन पुन्हा घ्या. खरं."

बाहेर आल्यावर बायको भिंतीला टेकून उभी राहिली. ओरडेल असं त्याला वाटलं होतं, तर तिचे डोळेच भरून आले.

"मला बारीक नवरा नकोय रे," ती म्हणाली. "असलेला हवाय. एवढंही कळत नाही तुला?"

"चुकलो," तो म्हणाला. त्याच्याकडे एवढंच होतं.

वजनाच्या खोलीत तीच नर्स होती. तिनं काही म्हणायच्या आत त्यानं जॅकेट काढून बायकोच्या हातात दिलं. मग किल्ल्या, फोन, कमरेचा पट्टा. बूट राहिले. बायकोनं खाली वाकून नाड्या सोडल्या, आणि तो मशीनवर चढला.

"अजून काही लपवलंयस?" तिनं विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "आता फक्त गाडी आहे."