माती भरलेली कढई

मी कढई बोलतेय. लोखंडाची, गंजलेली, मोरीजवळ पडलेली. माझ्याकडे बघून तुम्ही नाक मुरडता ना? मुरडा. मला तुमची किळस त्याहून जास्त येते.

क्षिप्रेकाठच्या आमच्या शहरात, देवास गेटजवळच्या एका लोहारानं मला घडवलं. शिंदे सरकारच्या दरबारी चाकरी केलेल्या मराठी घरात मी आले, तेव्हा संस्थान नुकतंच मध्य भारतात विलीन झालं होतं. सासूबाई उठता-बसता "राज्य गेलं" म्हणायच्या. त्यांची सून विनोदिनी पाच महिन्यांची गरोदर होती. ओठ पांढरे, चार पायऱ्या चढली की धाप.

मला आणवलं नर्स सुमनबाईंनी. विनोदिनीची पापणी खाली ओढून त्या म्हणाल्या, "बिल्कुल खून नाही हिच्या अंगात. पालक, मेथी लोखंडी कढईत शिजवा, वर लिंबू पिळा. गूळ-शेंगदाणे द्या. आणि दवाखान्यातल्या गोळ्या चुकवू नका."

चार दिवस मी चुलीवर चढले. भाजी काळपट व्हायची, पण विनोदिनी मिटक्या मारत खायची. पाचव्या दिवशी सासूबाईंनी झाकण उघडलं.

"शी! असलं काळंकुट्ट खाऊन पोर काळं निपजेल. फेका ही बाहेर!"

भाजी गाईपुढे गेली, गोळ्या कपाटात गेल्या, मी मोरीजवळ. सुनेला केशराचं दूध सुरू झालं.

मग विनोदिनी चोरून चुलीची माती खाऊ लागली. अंगात रक्त नसलं की बायका अशा मातीकडे वळतात. सासूबाईंनी ते पाहिलं आणि काय करावं? पेढे वाटले!

"भूमीचे डोहाळे लागलेत हो! पोटी राजाच येतोय. गेलेलं राज्य परत आणेल."

डोहाळे तर पुरवायलाच हवेत. क्षिप्रेकाठची माती चाळून, भाजून चांदीच्या वाटीत तिच्यापुढे येऊ लागली. उरलेली माझ्यात भरून ठेवली. मला शिसारी आली.

"आई, ती काळी भाजी द्या ना थोडी," विनोदिनी एकदा म्हणाली.

"बाळ होऊ दे, मग खा. चिंता नको करू."

बाळंतपणात रक्त गेलं. मुळात होतंच किती? विनोदिनी गेली. मुलगी झाली. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गोरी आहे पण." थू!

आता मध्य भारतही गेला, मध्य प्रदेश झाला. ती मुलगी, जयू, आठ वर्षांची आहे. पांढरीफटक. येणारे-जाणारे "किती गोरी!" म्हणून तिचे गाल ओढतात. रोज दुपारी ती माझ्यापाशी येते, इकडेतिकडे बघते, चिमूटभर माती उचलते आणि तोंडात टाकते.

हिला कसले डोहाळे लागलेत, सांगा ना? अहो, कुणीतरी या. ही माती उपसा, मला घासा आणि चुलीवर चढवा.