खंडेनवमीचा पाना

"रिवेट ठोकू नका, बोल्टच लावा. आपण जोडलेलं उद्या दुसऱ्या कुणाला उघडता आलं पाहिजे."

यांचा हा आवाज आता माझ्या कानातच आहे. तोंडातून यायला वेळ लागेल. जबडा तारांनी बांधलाय.

हे, पंढरीनाथ, मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडल्यावर मोडक्या मागांचे तुकडे मॅनेजरसाहेबांना विचारून आणले आणि चाळीमागच्या शेडमध्ये एक छोटा माग उभा केला. वीज नको, पायाने चालणारा. शिंप्यांकडच्या चिंध्यांच्या सतरंज्या विणणारा. सगळे बोल्ट एकाच मापाचे. "एका पान्यात पूर्ण खुलला पाहिजे," हे म्हणायचे. "बाजारातला नवा मिक्सर बघ, इंदिरा. उघडायला जावं तर फुटतो. बनवणाऱ्याने मरण आधीच आत भरून ठेवलंय."

माग चाळीतल्या शारदासाठी होता. मिल पाडताना तिचा नवरा श्रीराम तुळईखाली चिरडला. बाहेर काढला तेव्हा चपलेवरून ओळखावा लागला. ती गौतमपुऱ्याला भावाकडे गेली. जाताना यांनी देवासमोर शब्द दिला होता, "दसऱ्याला माग तुझ्या ओसरीत."

नवमीला सकाळी मागाची पूजा केली. झेंडूची माळ घातली, पान्याला हळदकुंकू लावलं. माझे नऊ दिवसांचे उपास होते, देवीचा पाठ चालू होता. तेवढ्यात शेजारचे नानासाहेब धावत आले.

"पंढरीभाऊ, मिल पाडणाऱ्या ठेकेदाराचा तो नंदू येतोय घण घेऊन! म्हणतो, मिलचं सगळं लोहा ठेकेदाराचं. आत्ता खोला न् माझ्या घरी टाका!"

"आज पाना लावत नाहीत, नानासाहेब. उद्या खोलू."

"अरे भिया, तो थांबणार आहे का उद्यापर्यंत?"

हे हसले. "नंदू याच चाळीत वाढलाय. खंडेनवमीला लोखंडावर घाव नाही घालायचा तो."

मलाही तसंच वाटलं. दरवर्षी मिलच्या खात्यातल्या यंत्रांना झेंडू बांधायला नंदूच शिडीवर चढायचा.

नंदू तिघांना घेऊन आला. पायातली चप्पल काढली नाही. "राम राम वहिनी. प्रसाद द्या, मग काम करतो."

"नंदू, आज पूजा आहे रे," मी म्हटलं.

"पूजा झाली ना? मग आता विसर्जन," तो म्हणाला. तिघे हसले.

पहिला घण मागाच्या पायावर बसला. बिडाचा तुकडा उडून यांच्या कपाळात घुसला. हे मागाला पाठ लावून हात पसरून उभे राहिले. "मला मार, मग माग फोड."

"हट जा भाऊ, दिमाग खराब मत कर."

हे हटले नाहीत. नंदूने घणाचा दांडा उलटा धरून तोंडावर मारला. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दात माझ्या रांगोळीत पडले. हे खाली बसले तरी त्याने लाथा घातल्या, पोटात, बरगड्यांत, जशी मिलची भिंत पाडत होता. मग पुन्हा घण उचलला, या वेळी डोक्यावर.

ताटातला पाना मी कधी उचलला, कळलं नाही. जीव खाऊन त्याच्या मनगटावर मारला. हाड कातडीबाहेर आलं. घण त्याच्याच पायावर पडला. तो गुरासारखा ओरडला. तिघे माझ्याकडे वळले, पण मी पाना खाली केला नाही. त्यावरचं कुंकू कुठलं न् रक्त कुठलं, समजत नव्हतं. तोवर चाळ जमली. नानासाहेबांच्या हातात कुदळ होती. तिघांनी नंदूला काखेत हात घालून ओढत नेलं. जाता जाता तो किंचाळला, "कल आऊंगा! तुम्हारा घर भी तोडूंगा!"

दवाखान्यात यांना बोलता येत नव्हतं. माझ्या मुठीतला पाना त्यांनी बोटांनी चाचपला, मग बोट हवेत गोल फिरवलं. खोल. मी म्हटलं, "आज नवमी आहे." त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा बोट फिरवलं.

मी अंबेची माफी मागितली आणि दिवस मावळायच्या आत माग खोलला. एक पाय तुटला होता. त्याचे बोल्ट काढले, तो वेगळा ठेवला. बाकीचं अंग शाबूत निघालं. रिवेटने जोडलं असतं, तर तेही त्या तुटक्या पायाबरोबरच भंगारात गेलं असतं. तुटक्याच्या जागी नानासाहेबांनी बाभळीचा पाय करून दिला.

आज दसरा. आंघोळ केली, दिवा लावला, दवाखान्यात यांच्या उशाशी नानासाहेबांना बसवलं. नंदूची माणसं यायच्या आधी खोललेल्या मागाची पोती बसच्या टपावर चढवली. कंडक्टर म्हणाला, "बाई, इतना लोहा? कहाँ?"

"गौतमपुरा," मी म्हटलं, आणि पाना पदराखाली धरून खिडकीशी बसले.