एका नंबरावर दोन घरं

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. काचेला तडा, बटणांच्या फटीत शाडूची माती. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात, दत्तात्रेय मूर्तिकारांच्या खिशात मी सात वर्षं काढली.

दत्तात्रेयांचं वहीशी कधी जमलं नाही. कुणाचं गाव कुठलं, मूर्ती किती उंच, सोवळं कुठल्या रंगाचं, हे ते माझ्यातच नावापुढे लिहायचे. ‘हर्षद अष्टमी दीड फूट लाल सोवळं.’ लोक हसायचे. मला मात्र भारी अभिमान वाटायचा. अर्ध्या रोहा तालुक्याचे गणपती माझ्या पोटात होते!

वैशाखात दत्तात्रेय गेले आणि कारखाना त्यांच्या लेकीवर, नमितावर आला. तिने माझं सिम काढून नव्या मोबाइलमध्ये घातलं, तर यादी कोरी. नावं सिमवर नव्हतीच. मग मला चार्जरला लावून तिने सगळी नावं एका फाइलमध्ये उतरवली आणि कॉम्प्युटरवर उघडली. मराठी अक्षरांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं! युनिकोड निवडून पुन्हा उघडली, तेव्हा कुठे एकेका ओळीत एकेक नाव दिसू लागलं.

पण घाईत एक चूक झाली. एकच नंबर दोनदा दिसला, की नमिता दुसरी ओळ उडवायची. मला कायमचं पुसून टाकायचं मात्र तिच्या जिवावर आलं. तिने मला कपाटात ठेवलं.

हरतालिकेच्या सकाळी निडीचा केरू मूर्ती न्यायला पाट घेऊन आला. मागे त्याची विधवा बहीण शांती, तीही आपला पाट घेऊन. केरूची मूर्ती तयार होती. शांतीचं नाव यादीत नव्हतं.

“नंबर एकच होता, केरूकाका. मला वाटलं, बाबांनी दोनदा लिहिलंय.”

“तिच्याकडं मोबाइल नाय गो. पन घर येगळं हाय ना तिचं!”

रिकामा पाट छातीशी धरून शांती दाराकडे वळली.

“थांबा आत्या,” म्हणत नमिताने मला कपाटातून काढलं, चार्जरला लावलं आणि शोधलं. ‘शांती निडी वीतभर. एकटी असते. डोळे तिच्याकडे बघणारे.’

वडिलांचे ते शब्द वाचून तिला रडू आवरेना. मागच्या फळीवर एक वाळलेली वीतभर मूर्ती शिल्लक होती. तिने रंग दिला. डोळ्यांची आखणी तिने आजवर कधी केली नव्हती, ते काम बाबांचंच. आज पहिल्यांदा तिने केली. दुपार टळली तेव्हा शांती मूर्तीसमोर वाकली.

“बगतोय गो,” ती म्हणाली.

मित्रांनो, नावं एकीकडून दुसरीकडे नेताना सावकाश न्या. पुसण्याआधी एकदा विचारा. तुम्हाला जी ओळ जादा वाटते, तिथे कुणीतरी एकटं राहत असतं.