कीबोर्डवरचा कॅरम

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅरम स्पर्धेचा मेसेज आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. तशाच चिकट बोटांनी मी यांचं नाव टाकून मोकळी झाले. यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘नाही’ आलं असतं, आणि त्या ‘नाही’ला मी वर्षभरात विटले होते.

हे म्हणजे आमचे जयवंत कासले. परळच्या आमच्या चाळीत कॅरमची ढाल इतकी वर्षं आमच्याच घरात होती की बाकीचे दुसऱ्या नंबरासाठीच खेळायचे. मग यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात म्हणून गोळ्या दिल्या. हात थोडा थांबला, हे मात्र पार थांबले. लग्न नको, बारसं नको, नाक्यावर उभं राहणं नको. बाहेर पडलेच तर उजवा हात पँटच्या खिशात. कुणी विचारलं की मी थापा मारायची. कधी सर्दी, कधी गुडघा, कधी डोळे. थापा मारण्यात मी फार तरबेज झाले होते आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा.

त्यातच चाळ पाडली. टॉवर उठेपर्यंत कुणी विरारला गेलं, कुणी डोंबिवलीला, आम्ही प्रभादेवीला भाड्याच्या खोलीत. मंडळाचा कॅरम बोर्ड गोदामात ओल लागून फुगला, म्हणून यंदा स्पर्धा मोबाइलच्या ॲपवर. ज्याने त्याने आपल्या घरी बसून खेळायचं.

“माका नाय खेळूचा,” हे म्हणाले.

“नाव दिलंय.”

“मगे काढ.”

“काढता येत नाही,” मी ठोकून दिलं.

पहिल्या सरावातच सगळं मुसळ केरात. ॲपमध्ये स्ट्रायकर बोटाने मागे ओढायचा, नेम धरायचा आणि बोट उचलायचं. यांचं बोट काचेवर टेकताच स्ट्रायकर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. सुटला तो भलतीकडेच. यांनी फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला हमखास राग येतो. मी लेकीला फोन लावला.

आमची अपेक्षा लोअर परळला एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते. ती संध्याकाळी आली, सगळं ऐकलं आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरवरची चादर ओढून काढली.

“आई, मोबाइलचं ॲप यावरही चालतं. एम्युलेटर म्हणून एक प्रोग्रॅम असतो. कॉम्प्युटरच्या पोटात एक खोटा फोन तयार होतो. ॲपला वाटतं, आपण फोनमध्येच आहोत.”

“ॲपला फसवायचं?”

“ॲपलाच. आणि हे बघ, कुठलं बटण दाबलं की काचेवर कुठे बोट टेकल्यासारखं होईल, ते आपणच ठरवायचं.”

मी ताडकन उठून बसले. तीस-पस्तीस वर्षं फोर्टात टायपिस्ट होते मी. बटणं म्हणजे माझं माहेर!

कॉम्प्युटर बिचारा म्हातारा. खोटा फोन उघडताना धापा टाकत होता. दोनदा मध्येच बंद पडला, अपेक्षाने आत काहीतरी सेटिंग बदललं, आणि एकदम पडदाभर कॅरम! मोबाइलवर सोंगट्या साबुदाण्याएवढ्या दिसायच्या, इथे कशा ठसठशीत. मी “अहो, या, या!” म्हणून ओरडले तशी शेजारच्या खोलीतली बाई दारात येऊन काय झालं विचारून गेली.

हे आले. माउसकडे बघितलं, खुर्चीत बसले, पाठ ताठ केली आणि सवयीने माउसला तर्जनीची टिचकी मारली. माउस टेबलावरून थेट खाली, वायरीला लोंबकळत. अपेक्षा हसून हसून आडवी. आणि हे, वर्षभरात पहिल्यांदा, स्वतःही हसले.

“माउस नाही, बाबा. बटणं.”

बटणं ठरवण्याचं काम मी घेतलं. बाणांच्या बटणांनी नेम, एका टिचकीला केसभर सरकणारा. स्पेसबार दाबून धरला की जोर वाढत जाणार, सोडला की स्ट्रायकर सुटणार. पण हात कापल्याने बाणाचं बटण दोन-तीनदा दाबलं जाई. मग नेमाची बटणं डाव्या हाताकडे आणली. तो हात ठणठणीत होता. उजव्याला फक्त स्पेसबार. ते बटण चांगलं लांबरुंद, आणि तळवा त्यावर टेकवून ठेवला की हात कापो नाहीतर नाचो, बटण दाबलेलंच राहायचं.

पहिली सोंगटी पॉकेटमध्ये गेली. दुसरी रिबाउंडने. तिसरी अशी कट मारली की मी टाळी वाजवली.

“आवाज कमी,” हे म्हणाले. तो जुना चँपियनचा आवाज होता.

मग काय विचारता! पहिल्या फेरीत विरारवाले गारद. दुसऱ्या फेरीत डोंबिवलीचे एक गृहस्थ, त्यांनी हरल्यावर ग्रुपवर रडका चेहरा टाकला. सेमीफायनलला तर मी देवापुढे समई लावून बसले आणि मधूनमधून उठून नेमात नाक खुपसत होते. ग्रुपवर मेसेजांचा पाऊस: ‘कासलेकाका इज बॅक!’ हे ते मेसेज चष्मा पुसून पुसून वाचायचे.

आणि तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी हितेंद्र याचा मेसेज आला. फायनल घरून नाही. मंडळाला बिल्डरने दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर.

यांनी चष्मा काढून ठेवला. “हात बघतले सगळे.”

“बघू देत.”

“नाय, बकुळा.”

मी वाद घातला नाही. रविवारी सकाळी टॅक्सी बोलावली, मॉनिटर अपेक्षाच्या मांडीवर, सीपीयू माझ्या मांडीवर, आणि म्हटलं, आम्ही चाललो, यायचं तर या. हे चप्पल घालून आले. हात खिशात.

शेड गच्च भरली होती. इतकी माणसं एकत्र बघून मला भरून आलं. सगळे यांच्याभोवती जमले आणि हे डाव्या हाताने नमस्कार करत होते. समोर फायनलला ॲलिस्टर, आमच्याच चाळीतला, आता बँकेत असतो. लहानपणी यांच्या मागे उभा राहून खेळ शिकला तो. त्याच्या हातात मोबाइल, आणि आमचं हे एवढं बिऱ्हाड बघून हितेंद्र पुढे आला.

“काकी, हे काय? स्पर्धा मोबाइलची आहे. कॉम्प्युटर चालणार नाही.”

“ॲप तेच आहे रे.”

“पण बटणांनी नेम जास्त चांगला लागतो ना. बाकीच्यांवर अन्याय होईल.”

मागून दोघे-तिघे “बरोबर आहे” म्हणाले. यांची नजर दाराकडे गेली. मी ती ओळखली आणि माझ्या तोंडून सवयीने थाप निघाली, “अरे, यांच्या डोळ्यांना ना, लहान पडद्यावर…”

“गप ऱ्हव गो,” हे म्हणाले. “डोळे बरे आसत माझे.”

आणि यांनी खिशातून हात काढला. सगळ्यांसमोर धरला. तो लटलट कापत होता.

“हितेंद्र, ह्यो हात. ह्या हातान मोबाइलवर नेम धरून दाखवूक सांगतंस तर दाखवतंय. मगे हरलंय म्हणून लिही.”

हितेंद्रची मान खाली गेली. ॲलिस्टर उठला आणि स्वतःच आमची वायर प्लगमध्ये घालू लागला.

“अंकल, पण मी सोडणार नाही हां तुम्हाला,” तो म्हणाला.

“सोडून तर बघ!”

काय बोर्ड झाला तो! यांनी ब्रेकलाच दोन घेतल्या, ॲलिस्टरने सलग तीन. पोरं बाकांवर चढली. शेवटी ॲलिस्टरची एक काळी उरली, यांची एक पांढरी आणि क्वीन. यांनी क्वीन रिबाउंडने उचलली आणि अख्खी शेड किंचाळली. आता फक्त कव्हर, म्हणजे क्वीनपाठोपाठ आपली एक सोंगटी घालायची. पांढरी सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी, सरळ मारली की ढाल घरी.

यांनी कट मारला. पांढरी पॉकेटच्या ओठावर थरथरली आणि थांबली. क्वीन परत मधोमध. ॲलिस्टरने ती घेतली, काळीने कव्हर केली, खेळ खलास.

“जाताच कशी नाय?” हे खुर्चीवरून उठले. “लाकडी बोर्डावर गेली असती! बोगस ॲप तुमचा!”

“अंकल, ॲपला काय बोलता?” ॲलिस्टर ओरडला.

“काका, सगळ्यांनी बघितलंय!” हितेंद्र म्हणाला. एकाच वेळी दहा जण भांडत होते आणि हे मधोमध उभे, उजवा हात टीव्हीकडे रोखून, हात नुसता थडथड उडतोय, आणि यांना त्याचं भान नाही. कुणालाच नव्हतं. मला इतका आनंद झाला की गप्प राहवेना. मी गर्दीत घुसले.

“अहो, चुकलात तुम्ही! सरळ मारूक होयी होती. शायनिंग कोणाक दाखवत होतात?”

हे गरकन वळले. तो हात माझ्या नाकासमोर नाचवत कडाडले, “तुका कॅरममधला काय कळता गो?”

“माका सगळा कळता!” मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडले.