पाईपला पाणी

भिंतीवरच्या डब्यात लाल दिवा लागला आणि काही केल्या तो हिरवा होईना. वायरमनने बटण बंद केलं, दहापर्यंत मोजलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा लाल.

"दिसायला देखणा आहे," तो म्हणाला, "पण रुसका निघाला."

डबा म्हणजे विजेवर चालणाऱ्या नव्या गाडीचा चार्जर. गाडी अजून यायची होती, शनिवारी. त्याआधी, म्हणजे उद्या गुरुवारी अकरा वाजता, कंपनीचा इंजिनियर घरी येऊन चार्जिंगची सगळी व्यवस्था तपासणार होता. त्याने सही केली तर गाडी. नाही केली तर ही गाडी यादीतल्या पुढच्या माणसाला, आणि या घराचा नंबर पुन्हा तीन महिन्यांनी. शोरूममधल्या बाईंनी हे घरातल्या मुलीला फोनवर इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं की क्षणभर तिला ती आनंदाचीच बातमी वाटली.

तीन महिने तिच्याकडे नव्हते. दादाने महिनाअखेरची मुदत दिली होती.

बाबांना जाऊन सत्तर दिवस झाले होते. दादाचं म्हणणं सरळ होतं: आईने इथे एकटीने राहायचं नाही, घराला कुलूप लावायचं आणि त्याच्याकडे यायचं. घर गावाच्या टोकाला, बाजार चार किलोमीटरवर, दवाखाना सहा. आईचा डावा गुडघा कामातून गेलेला, जुन्या गाडीचा क्लच तिला दाबवत नाही. दादा चुकीचं बोलत नव्हता, हीच अडचण होती. चुकीचं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. शेवटी मुलीने त्याच्याकडून एवढाच शब्द काढून घेतला, की नवी गाडी घेऊन आई एकटी बाजारात जाऊन आली तर तो पुन्हा विषय काढणार नाही.

गाडी बाबांनीच बुक केली होती, आईच्या नावावर. आई नर्स होती. तीस वर्षं स्वतः गाडी हाकत ती वस्त्यावस्त्यांवर गेली. बाबा शेजारी बसले की जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबत बसायचे. गुडघा गेला तेव्हा तिने किल्ली खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. मग एक दिवस बाबा शोरूममधून आले आणि म्हणाले, "हिला क्लचच नाही. तुझ्या डाव्या पायाला पेन्शन."

आणि आईला स्वतःला काय हवं होतं? ते कोणालाच कळत नव्हतं. "तुम्ही दोघं ठरवा," एवढंच ती म्हणायची. जिने उभ्या जन्मात डॉक्टरांनाही धड काही ठरवू दिलं नाही, तिच्या तोंडी हे वाक्य. गुडघ्यापेक्षा मुलीला त्याचीच धास्ती वाटत होती.

म्हणून वाचनालयातून बारा दिवसांची रजा काढून ती आली होती. आज आठवा दिवस. जास्तीच्या विजेचा अर्ज झाला, मीटरपासून जाड केबल आली, वेगळं बटण बसलं. सगळ्यात आधी तिने गाडी उभी करायची जागा करून घेतली होती. ओबडधोबड अंगण सपाट करून त्यावर राखाडी फरशी. आईचा पाय अडखळायला नको.

वायरमनने पिशवीतून एक बल्ब काढला. होल्डरला दोन तारा जोडलेल्या. एक तार त्याने मीटरपाशी विजेला लावली, दुसरी अर्थिंगच्या तारेला. बल्ब लागला, पण आजारी माणसाच्या डोळ्यासारखा पिवळट.

"झालं. तुमच्या घराला अर्थिंगच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वीज चुकून वाट सोडून बाहेर आली, तर तिला जमिनीत उतरायला रस्ता लागतो. तो रस्ता बंद आहे. पंखा, मिक्सर, हे गरीब बिचारे खपवून घेतात. हा शहाणा नाही घेत."

"असं होणार नाही, काका. बाबा पंपहाऊसला होते. सदतीस वर्षं. या घरातली तार न् तार त्यांनी ओढली आहे." ते तिला वाटलं होतं त्याहून जरा जोरात बोललं गेलं.

"म्हणून तर मला नवल वाटतंय, ताई."

तो मीटरपासून अर्थिंगच्या तारेमागे निघाला. तांब्याची जाड तार, पट्टीने आखावी तशी सरळ, दर वितीवर एक चिमटा. भिंतीच्या कोपऱ्यातून ती खाली उतरली आणि नव्या फरशीच्या कडेला सिमेंटमध्ये शिरली. त्याने तार धरून हलकेच ओढली. हातभर तार सरळ त्याच्या हातात आली. टोक चकचकीत होतं. कापलेलं.

तेव्हा तिला गवंडी आठवला. ती फोनवर होती, शोरूमशी बोलत. तो म्हणाला होता, "ताई, इथे एक पाईप वर आलाय. टायरला लागेल. उडवू?" आणि तिने फोनवर हात ठेवून सांगितलं होतं, "उडवा." एवढंच. वळूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"काका, इथे एक पाईप वर आला होता. तो मीच तोडायला सांगितला."

वायरमनने कान खाजवला. "अर्थिंगचाच पाईप तो, त्याच्यासोबत तारही गेली. तुम्हाला काय कल्पना."

"बाबांची मुलगी आहे मी. असायला हवी होती."

त्याने हातातली तार भिंतीशी ठेवली. मग त्याने दोन रस्ते सांगितले. नवं अर्थिंग करायचं तर इथे हातभर खाली कातळ, ड्रिलवाला पुढच्या बुधवारच्या आत मिळत नाही. जुना पाईप जमिनीत असणारच. पण नेमका कुठे, आणि जिवंत आहे का मेला, ते फरशी फोडल्याशिवाय कळायचं नाही.

"केव्हा बसवलीत फरशी?"

"सहा दिवस झाले."

"झकास बसवलीय," तो खेदाने म्हणाला.

"छिन्नी आहे ना तुमच्याकडे?"

"आहे. पण अंगण केवढं. तार कोपऱ्यातून जमिनीखाली किती लांब गेलीय कुणास ठाऊक. अंदाजाने फोडत बसलो तर उद्या इंजिनियर येईल तेव्हा इथे शेत नांगरलेलं दिसेल."

आई चहाचे कप घेऊन बाहेर आली. "काय हरवलंय?"

तिने सांगितलं. आईने फरशीकडे पाहिलं, नवीनच पाहुणा घरात यावा तसं.

"तो पाईप? ज्याला हे पाणी घालायचे तो?"

वायरमनने कप ओठांपासून खाली घेतला. "पाणी घालायचे?"

"दर रविवारी. दाढीच्या आधी. एक बादली. माझं स्वयंपाकघरातलं नरसाळं त्या पाईपात खोचायचे आणि हळूहळू ओतत बसायचे. दोन नरसाळी गेली माझी तशी. मी म्हणायची, पाईपला पालवी फुटली की सांगा हो. तर म्हणायचे, पहिलं पान तुलाच."

"किती वर्षं, मावशी?"

"घर बांधल्यापासून. सव्वीस झाली."

वायरमनने कप फरशीवर ठेवला. मग म्हणाला, "अर्थिंगला पाणी लागतंच. माती सुकली की वीज घेत नाही. सगळ्यांना सांगतो मी. पहिला महिना घालतात, मग विसरतात. सव्वीस वर्षं घालणारा माणूस मी नाही बघितला."

"मला त्यांनी कधी सांगितलं नाही कशासाठी ते," आई म्हणाली. जरा थांबून तिने पुढे जोडलं, "मी विचारलंच नाही. थट्टाच करत राहिले."

मुलीने मनात हिशोब केला. दहा रविवार. दहा रविवार त्या पाईपात थेंब गेला नव्हता, आणि मग तिने तो उडवलाच.

"आई, जागा सांगता येईल तुला?"

आईने अंगणाकडे पाहिलं, चार पावलं टाकली, डावीकडे वळली, थांबली. मान हलवली. "इथून नाही कळत. मी कधी इथून बघितलंच नाही." आणि वळून घरात गेली. वायरमनने मुलीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि आत आई ओट्यापाशी, रोजच्या जागी, उभी दिसली.

"मला इथून दिसायचे ते. जा, तू उभी राहा. पाठ माझ्याकडे कर."

ती फरशीवर जाऊन उभी राहिली.

"डावीकडे सरक. अजून. अगं, किती? एवढी नाही. आता एक पाऊल मागे. वाक. त्यांच्यासारखी वाक, कंबरेत." आत ओट्यावर भांडं ठेवल्याचा आवाज आला. "हं. तिथे."

ती तशीच वाकून राहिली. तिने बोटाने फरशीवर खूण केली. मग छिन्नी हातात घेतली.

"द्या इकडे, ताई."

"पहिली मी फोडते."

पहिला घाव निसटला आणि अंगठ्याला लागला. दुसऱ्याने टवका उडाला. सहाव्याला राखाडी फरशी आरपार तडकली. पुढचं वायरमनने आणि तिने आळीपाळीने केलं. पहिल्या फरशीखाली नुसती वाळू. दुसरीखाली, वीतभर पलीकडे, कापलेल्या लोखंडी पाईपचं गोल तोंड, सिमेंटने बुजलेलं.

"वीतभर चुकले," आई खिडकीतून म्हणाली.

"सव्वीस वर्षांत वीतभर," वायरमन म्हणाला. "आमच्या नकाशात हातभर चूक असते."

सिमेंट खरवडून काढलं तर आतली माती तपकिरीसारखी कोरडी. वायरमनने आजूबाजूला खड्डा मोकळा केला, पाईपला नवा चिमटा आवळला, कोपऱ्यातून नवी तार आणून जोडली. बल्ब लावला. यावेळी तो पांढरा पेटला. पण बल्ब काही इंजिनियरला पटणार नव्हता. वायरमनने पिशवीतून अर्थिंग मोजायचा मीटर काढून लावून पाहिला.

"बावीस ओहम अडथळा. पाचच्या आत लागतो."

"मग?"

"मग काय. पाणी."

तिने बादली भरून आणली. आई नरसाळं घेऊन आली. "हे तेवढं परत द्या," ती वायरमनला म्हणाली. पाणी ओतताच पाईपने ते घटाघट प्यायलं, आतून बुडबुड्यांचा आवाज आला. दुसरी बादली. तिसरीत वायरमनने मीठ टाकायला लावलं, त्याने ओल टिकते म्हणाला. चौथ्या बादलीला पाणी पाईपच्या तोंडाशी जरा रेंगाळलं. ऊन उतरेपर्यंत आकडा अकरावर आला आणि तिथेच हटून बसला.

"मुरू दे," वायरमन पिशवी आवरत म्हणाला. "जमीन आहे ती. दटावून चालत नाही."

"सकाळी अजून दोन घालू?"

"घाला. मी दहाला येतो. उरलेलं तुमच्या बाबांवर सोपवा."

सकाळी उठून तिने दोन बादल्या घातल्या, एकदा सहाला, एकदा आठला. आपणही कंबरेतच वाकतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. तिने कंबर सरळ केली नाही.

वायरमन दहाला आला, पण मीटर लावायला तयार होईना. "आता बघून काय करायचंय? कमी असेल तर असेल. नसेल तर तासाभरात ड्रिल करणार आहात का?" इंजिनियर अकराला पाच कमी असताना आला. फडक्यात गुंडाळलेलं स्वतःचं यंत्र होतं त्याचं. कोऱ्या फरशीच्या मधोमध खड्डा पाहून तो थबकला.

"हे काय?"

"अर्थिंग," ती म्हणाली. "झाकण येणार आहे त्यावर. टायरला लागणार नाही असं, आणि उघडता येईल असं."

त्याने खुंट्या ठोकल्या, तारा पसरल्या, यंत्राची कळ फिरवली. वायरमन मुद्दाम दुसरीकडे पाहत होता. आई ओट्यापाशी भांडी पुसत होती, एकच पातेलं बराच वेळ.

"चार पॉइंट तीन."

मग त्याने चार्जरचं बटण दाबलं. लाल दिवा, मग काही नाही, मग हिरवा. वायरमनने खिशातून तंबाखू काढली, काही विचार केला आणि परत ठेवली.

"चांगलं आहे," इंजिनियर म्हणाला. "पण जुन्या पद्धतीचं आहे. हे सुकलं की आकडा वर जाईल आणि गाडी चार्ज होणं बंद होईल. देखभाल कोण करणार? इथे कायम राहणाऱ्या माणसाचं नाव लागेल मला."

सोमवारी तिला कामावर जायचं होतं. दादाचं नाव सांगण्यात अर्थ नव्हता. काल दिवसभर फरशी फोडताना तिने या प्रश्नाचा विचारच केला नव्हता, आणि खरं तर सत्तर दिवस सगळे जण याच प्रश्नाभोवती घिरट्या घालत होते. "आम्ही काहीतरी सोय..." तिने सुरुवात केली.

"माझं लिहा," खिडकीतून आई म्हणाली.

इंजिनियरने वर पाहिलं. "काय करायचं ते माहीत आहे का तुम्हाला?"

"दर रविवारी एक बादली. दोन खेपांत अर्धी अर्धी आणीन, माझा गुडघा खराब आहे. पण आणीन." मग तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या नावासकट, आणि तो लिहीत असताना अक्षर नीट येतंय का म्हणून खिडकीतून वाकून पाहत राहिली. "इथेच राहते मी," ती म्हणाली. "कायम."

त्याने सही केली.

दोघे गेल्यावर मुलगी खड्ड्यापाशी बसली आणि फुटलेल्या फरशीच्या कडा कानशीने घासू लागली. झाकण नीट बसायला हवं होतं. आत फोन वाजला. दादाचाच असणार, गुरुवारी तो याच वेळी करतो. तिने हात थांबवला, उठली नाही.

"हो, झालं," आई सांगत होती. "शनिवारी येतेय गाडी. बाजाराचं म्हणशील तर सोमवारीच जाणार आहे, नरसाळं आणायचंय. नाही, घरातलं नाही. वेगळं, अंगणातलं." बराच वेळ दादा बोलत असावा. आई हं, हं करत होती. मग तिचा आवाज आला, वस्तीवरच्या रोग्यांना दटावताना यायचा तसला.

"ते सगळं ठीक आहे रे. पण एक लक्षात ठेव. यापुढे रविवारी सकाळी फोन करू नकोस. मला काम असतं."