तोंड मिटून गणित

भुंगीला भुंगी म्हणायला लागले ते तिच्या ओठांमुळे. गणित समोर आलं की तिचे ओठ हलायचे आणि बारीक गुणगुण सुरू व्हायची, "बारा पंचे साठ, साठातले सात गेले, राहिले त्रेपन्न..." पहिलीपासून पदवीपर्यंतची सगळी गणितं तिने अशीच सोडवली आणि वर्गात वरचा नंबर कधी सोडला नाही. त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एका कंपनीच्या ॲप्टिट्यूड टेस्टला बसल्यावर.

ही टेस्ट घरूनच द्यायची असते. पडद्यावर प्रश्न येतात, कोपऱ्यात वेळ उलटी पळत असते आणि कॅमेरा तुमच्या तोंडाकडे टक लावून बसलेला असतो. एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. तेवढ्यात तक्ता वाचायचा, टक्के काढायचे आणि चारातलं एक उत्तर निवडायचं. वेळेचं भय भुंगीला नव्हतं. ती निम्म्या पेपरापर्यंत सुसाट गेली आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली : ‘तुम्ही कोणाशी तरी बोलत आहात.’ खोलीत चिटपाखरूही नव्हतं. तिने ओठ मिटले, पुढचं गणित आलं, ओठ पुन्हा सुटले. तिसऱ्या इशाऱ्याला पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी मेल आला : ‘गैरप्रकारामुळे आपली चाचणी रद्द करण्यात आली आहे. एका वर्षानंतर एकदाच पुन्हा अर्ज करता येईल.’

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर मुळात नव्हताच! भुंगीने खुलासा पाठवला, सविस्तर, नम्रपणे. ‘आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे’ असं उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत आलं. म्हणजे तो खुलासा कुणी वाचलासुद्धा नव्हता. दुसऱ्या खुलाशालाही तेच उत्तर. भिंतीवर डोकं आपटलं तर निदान आवाज तरी येतो.

पण खरा घाव घातला तो वडिलांनी. ते औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे असत. साधे, सरळ गृहस्थ, छापील अक्षरावर विश्वास ठेवणारे. जेवताना मान वर न करता ते म्हणाले, "खोलीत खरंच कोणी नव्हतं ना गं?"

"बाबा!"

"नाही, आपलं विचारलं. एवढी मोठी कंपनी, उगाच कशाला लिहील?"

भुंगी ताटावरून उठली. नोकरी हुकल्याचं दुःख तिने गिळलं असतं, पण हा प्रश्न काही केल्या घशाखाली उतरेना. बाबांनी पुन्हा तो विषय काढला नाही आणि तेच जास्त वाईट झालं. वर्षाने याच कंपनीत अर्ज करायचा आणि ‘गैरप्रकार’ हा शब्द कंपनीलाच मागे घ्यायला लावायचा, असं तिने ठरवलं.

तयारीची सूत्रं मामाने हाती घेतली. मामा निवृत्त व्यायामशिक्षक. त्याच्या मते शिस्तीने बरा होत नाही असा रोग जगात नव्हता.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," आई म्हणाली.

"पोरांच्या पाठीची पोकं घालवलीत मी. हे तर नुसते ओठ आहेत!"

त्याने आपलं जुनं स्टॉपवॉच काढलं आणि भुंगीला तोंडात पाण्याची चूळ धरून गणितं सोडवायला बसवलं. पहिल्या दिवशी तिला हसू फुटलं आणि सगळी चूळ कीबोर्डवर गेली. दुसऱ्या दिवशी हसू आलं नाही. मग मामाने नजरेला वेसण घातली. "वर बघायचं नाही. छताकडे बघितलंस तर छतावर उत्तरं लिहिलीत म्हणतील. खाली बघितलंस तर मांडीवर कागद आहे म्हणतील."

"अरे, मग पोरीने विचार करायचा तरी कुठे बघून?" आईने विचारलं.

"विचार करायचाच नाहीये, अगं. उत्तरं द्यायची आहेत."

सुरुवातीला गुणगुण थांबली की गणितही अडायचं. शाळकरी पोराला जमेल अशा वजाबाकीवर भुंगी घाम पुसत बसायची. चार लोकांसारखं डोकं चालत नाही म्हणून डोक्यालाच शिक्षा! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण तिने सोसलं, आणि वर्ष संपता संपता ती गप्प झाली. गणितातच नाही, घरातही. आई दोनदा हाक मारायची, तेव्हा कुठे ‘हं’ यायचं.

या खेपेला टेस्ट बिनबोभाट पार पडली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं.

काचेच्या खोलीत दोघं बसली होती, एक चष्मेवाल्या बाई आणि एक हसतमुख साहेब. साहेब म्हणाले, "या शहरात रोज किती कुलपं विकली जात असतील? उत्तर महत्त्वाचं नाही. तुम्ही विचार कसा करता ते आम्हाला ऐकायचंय. मोठ्याने विचार करा."

भुंगीला वाटलं, चेष्टा चाललीय. पण साहेब गंभीर होते. तिने तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. ओठ आपोआप मिटले, नजर साहेबांच्या कपाळावर खिळली. आत आकडेमोड चालू होती, बाहेर चिडीचूप.

"लाजू नका," साहेब म्हणाले. "बोलायला काय पैसे पडतात?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागानेच ओठ सुटले. घरं किती धरायची, दुकानं किती, जुनी कुलपं कधी गंजतात, किल्ल्या कोण हरवतं, सगळं भडाभडा बाहेर पडलं. ती छताकडे बघत होती, बोटांवर मोजत होती, गुणगुणत होती, आणि शेवटी आकडा टेबलावर ठेवून थांबली.

"वा!" साहेब खूश झाले. "हे आधीच करायचं ना!"

"केलं होतं," भुंगी म्हणाली. "मागच्या वर्षी, तुमच्याच टेस्टमध्ये. अगदी असंच. तेव्हा तुम्ही मला चोर ठरवलंत."

साहेबांनी समोरची फाइल चाळली. "अहो, ती टेस्ट आम्ही घेत नाही. बाहेरची कंपनी घेते. आम्ही तर ती पाहिलेलीही नाही."

"मेलवर नाव तुमचं होतं. वर्षभर तोंडात पाणी धरून बसले मी. ज्यासाठी तेव्हा हाकललंत, त्यालाच आज वा म्हणताय? जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा!"

साहेबांचं हसू मावळलं. बाईंनी चष्मा काढला. "तुमचं म्हणणं काय आहे?"

"गैरप्रकार झाला नव्हता, असं कागदावर लिहून द्या. नोकरीचं काय ते तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी ते पत्र. आणि ते माझ्या नावाने नको, माझ्या वडिलांच्या नावाने पाठवा."

मग बाईंनी पेनचं टोपण काढलं. "वडिलांचं नाव सांगा."

भुंगीने सांगितलं, मोठ्याने.